पोलादपूरमार्गे आयर्लंड

सोमवार, ८ फेब्रुवारी १९६०
महाड

पोचलो एकदाचा कोकणात! वरंध्याच्या घाटात गाडी इतकी वळली, की पुढच्या बाकावरची म्हातारी दर वळणाला नव्या देवाला नवस बोलत होती. घाट संपला तेव्हा तिचे देवही संपले होते. मला मात्र मजा वाटली. चोविसावं सरत आलं तरी मिरज आणि पुणं सोडून बाकीचं जग मी नकाशातच पाहिलं आहे.

जाहिरात अगदी लहान होती. इंग्रजी जाणणारा, मागे पाश नसलेला तरुण हवा, डोंगरात राहावं लागेल. छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी सुटलेली, मामांच्या घरी माझं ताट जड झालेलं. पाश तर मुळातच नाहीत. आईबाप मला आठवतसुद्धा नाहीत. निघताना मामांनी कुठं चाललास हेही विचारलं नाही.

काम ऐकून कोणीही हसेल. कुशाबा खोत म्हणून पोलादपूरच्या वरच्या डोंगरात एक मोठे जमीनदार आहेत. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. त्यांचा मुलगा येसाजी आयर्लंडात डॉक्टरी शिकायला गेला आहे. सुटीत तो तिथली शहरं आणि समुद्रकिनारा बघत हिंडला आणि प्रत्येक गावाहून त्यानं रंगीत चित्राचं कार्ड धाडलं. ती चित्रं बघून खोतांना सांगायची, एवढंच माझं काम. म्हणजे फुकटात आयर्लंड बघायचं!

स्टँडवर खोतांचा गडी गोमाजी घ्यायला आला होता. रुंद छातीचा, गुडघ्याएवढं धोतर, खांद्यावर घोंगडी. बोलतो फार कमी. मला वाटलं, लगेच पुढं जाऊ. तर म्हणाला, आधी शहर बघायचं, खोतांचा हुकूम आहे. मग त्यानं मला बाजारपेठेतून फिरवलं, सावित्रीच्या काठी नेलं, एका हॉटेलात भजी आणि चहा दिला, आणि शेवटी न्हाव्यापुढं बसवलं. केस बारीक, भांग डावीकडं. हाही हुकूमच. मी हसत हसत मान खाली घातली. खोतांना दिसत नाही, मग भांग कोणासाठी?

बुधवार, १० फेब्रुवारी

काल पोलादपूरपासून चढायला लागलो ते संध्याकाळीच टेकलो. कुडपण गाव मागं टाकून आणखी वर यावं लागतं. इथं पूर्वी वाडी होती. माणसं एकेक करून खाली उतरली, आता पठारावर खोतांचं एकच घर आहे. कौलारू, ठणठणीत, सारवलेलं, चारी बाजूंनी पडवी. खोती कायद्यानं गेली, पण लोक हाक मारतात ती खोत म्हणूनच.

कुशाबा खोत साठीच्या पुढचे आहेत. उंच, ताठ, हातात काठी. माझा आवाज ऐकून त्यांनी मान तिरकी केली आणि मला दोनदा नाव सांगायला लावलं. श्रीपाद गोविंद आठल्ये. ते नाव त्यांनी उच्चारलं नाही. मास्तर म्हणाले.

खोतीणबाई, तुळजाबाई, चुलीपासून उठून आल्या. आई आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तसाच राहू दिला. मग नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लोण्याचा एवढा गोळा. मी नको म्हणेपर्यंत वाढलं. मी नको म्हटलंच नाही.

सकाळी उठून बाहेर आलो तर पठार संपतं तिथून पुढं सगळं पांढरं. दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, त्यात लांबचे डोंगर बेटांसारखे. समुद्रच. कडेला जाऊन बघावं म्हणून निघालो, तर गोमाजीनं दंड धरला. तिकडं एवढ्यात नाय जायाचं, म्हणाला. पकड जबरदस्त आहे त्याची.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आज डब्लिन पाहिलं.

पडवीत उन्हाला बसलो. खोतांनी फडक्यातून कार्ड काढून दिलं. नदीवर रुंद पूल, दोन मजली हिरव्या बसगाड्या, मधोमध उंच खांब आणि त्यावर कोणा सरदाराचा पुतळा. मला वाटलं होतं पाच मिनिटांत संपेल. खोतांनी दुपार केली. पुलाला कमानी किती, पाणी वाहतं की साचलंय, बाया कशा चालतात, डोक्यावर काही घेतात का. एका ठिकाणी मी नुसतंच गर्दी म्हणालो, तर त्यांनी काठी आपटली. म्हणाले, मास्तर, माझा पोरगा त्या गर्दीत हाय. नीट बघा.

मग तुळजाबाईंनी एक जाड लोकरी कोट आणला. येसाजीचा, विलायती. इथं वारा बोचतो म्हणून मी आनंदानं घातला. खांद्यात नेमका बसला. तुळजाबाई मागं सरल्या, पदर तोंडावर धरला. खोत पुढं आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझे केस चाचपले. भांगावरून बोट फिरवलं.

म्हणाले, सहलीला निघायच्या आधी येसानं डब्लिनात केस कापले होते. मग खुशीत मान हलवली. “डब्लिन झालं.”

म्हणजे महाड हेच डब्लिन होतं तर! आंधळ्या बापाचा लळा. मला भरून आलं. त्यानं विलायतेचा खेळ मांडला आणि मला त्यात मुलाची जागा दिली, यात वाईट काय?

बुधवार, १७ फेब्रुवारी

परवाचं कार्ड कॉर्क नावाच्या शहराचं. नदीचे दोन फाटे, चढावर एकाला एक चिकटलेली घरं, एक घंटेचा मनोरा आणि त्याच्या टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारा सोन्याचा मासा. मासा कुठं तोंड करून आहे यावर आमचा बराच वेळ गेला.

बोलता बोलता मी गाल चोळला. मागची दाढ गेले महिनाभर ठणकते आहे. खोतांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. “कॉर्कात येसानंबी दात काढला व्हता!”

हे त्यांना कसं ठाऊक, असं मी विचारलं. येसाजीबरोबर सहलीला एक दोस्त होता, मुंबईचा. तो परत आल्यावर इथं भेटायला आला होता. त्यानं सगळी सहल सांगितली, रोजच्या रोज काय झालं ते.

दाढ काढायचीच होती. काल गोमाजीबरोबर पोलादपूरला उतरलो. बाजारात चांगू म्हणून एकजण बसतो, दात काढतो, निखळलेली हाडं बसवतो. त्यानं माझं तोंड उघडलं. गोमाजीनं वाकून त्याच्या कानात काही सांगितलं आणि मागून माझं डोकं छातीशी आवळून धरलं. सांडशी दाढेकडं गेलीच नाही. वरचा पुढचा दात, सुळ्याच्या अलीकडचा, पांढरा, धडधाकट. मी ओरडलो. बाजार हसला. चांगूनं तो हलवला, पिळला. हाड मोडल्यासारखा आवाज माझ्या कानाच्या आतून आला.

रात्र खालीच काढून आज रक्त थुंकत वर आलो. वाटेत गोमाजीशी भांडलो, तो पुढं चालत राहिला. वर पोचल्यावर त्यानं तो दात खोतांच्या तळहातावर ठेवला. खोतांनी बोटांनी त्याचं टोक पाहिलं.

“कॉर्क झालं.”

रविवार, २१ फेब्रुवारी

जायचं ठरवलं होतं. बोचकंसुद्धा बांधलं. दाढ अजून ठणकते आहे आणि पुढं खिंडार पडलंय, बोलताना शब्द त्यातून निसटतात. स, श, ल, काही नीट येत नाही.

पण चार दिवस तुळजाबाई माझ्या उशाशी आहेत. म्हाताऱ्याचं चुकलं म्हणतात. चांगू दारू पिऊन बसतो म्हणतात. तांदळाची मऊ पेज करून, निववून, हातानं भरवतात. मला आजवर कोणी भरवलेलं नाही. मामींनी तर कधी ताट पुढं सरकवलं तेही पायानं.

काल पेज भरवताना त्या म्हणाल्या, येसा, आ कर. मग जीभ चावली. मी आ केला.

बोचकं सोडलं. आता लिमरिक आणि गॉलवे अशी दोनच शहरं राहिली, मग सहल संपली. म्हाताऱ्याचं मन राखून जावं.

लिहीत बसलो की खोत जवळ येऊन टाकाचा आवाज ऐकतात. घरात कोणालाच वाचता येत नाही. त्यांना तो आवाज आवडतो. येसाही लिहायचा म्हणे.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

सगळं लिहून ठेवतो.

सकाळी लिमरिकचं कार्ड. नदीकाठी जुना किल्ला, गोल बुरूज. खोतांनी पायऱ्या विचारल्या. चित्रात पायऱ्या नव्हत्या. ते म्हणाले, आहेत, त्या चढताना येसाचा पाय मुरगळला. डावा. पुढं सारी सहल तो लंगडत होता.

 हे ऐकल्याबरोबर उठायला हवं होतं.

तुळजाबाई आल्या, म्हणाल्या, डोक्याला तेल लावते. माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. बोटं केसांतून फिरायला लागली. त्यांनी माझ्या डोळ्यांवर पदर टाकला, ऊन लागेल म्हणून. मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं. मी डोळे मिटले.

गोमाजीनं डावा पाय उंबऱ्यावर ठेवला तेव्हाही वाटलं, पायाला तेल लावतो आहे. मग मुसळ.

दुसऱ्या घावाला शुद्ध गेली. त्याआधी कळलं ते एवढंच, की तुळजाबाईंनी दोन्ही हातांनी माझे कान घट्ट दाबले होते. माझा आवाज मलाच ऐकू येऊ नये म्हणून.

शनिवार, २७ फेब्रुवारी

घोटा वांग्यासारखा काळा झालाय. पाला बांधलाय. सरपटत पडवीपर्यंत जाता येतं, तेवढंच.

आज जनी आली. पलीकडच्या टेपाडावर तिच्या घरच्यांचा म्हशींचा वाडा आहे, ती इथं तूप घालते. तुळजाबाई मापटं आणायला आत गेल्या तेवढ्यात तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. कोट पाहिला, दात पाहिला, पाय पाहिला. तिनं हातातली किटली खाली ठेवली.

तिनं सांगितलं ते असं. येसाजी आयर्लंडात नाही. येसाजी मेला, तीन पावसाळे झाले. तिकडच्या एका कड्यावरून पडला. त्याचा मुंबईचा दोस्त ते सांगायला आला होता. जनी तेव्हा इथंच अंगणात होती, तिनं कानांनी ऐकलं. खोतांनी बाहेर कोणाला कळू दिलं नाही. आणि तो दोस्त ह्या पठारावरून खाली उतरलाच नाही. मागच्या वर्षी एक शाळामास्तर आला होता. तोसुद्धा नाही.

मी हात जोडले. खाली जाऊन पोलिसांना सांग म्हटलं. ती म्हणाली, “आमच्या म्हशी खोतांच्या रानात चरतात, दादा.” मग माझ्या पायाकडं पाहिलं आणि पुटपुटली, “बघते.”

मंगळवार, १ मार्च

गॉलवे. खाडी, होड्या, पांढरे हंस. मी सांगणार नाही म्हणालो. खोत म्हणाले, नका सांगू, मला पाठ आहे.

गॉलवेला येसाजी समुद्रात पोहला होता. पाणी बर्फासारखं. त्याला ताप भरला.

घरामागं कातळात खोदलेलं टाकं आहे. पहाटेच्या गारठ्यात गोमाजीनं मला पाठुंगळी नेलं. हात बांधले, काखेतून दोर घातला, गळ्यापर्यंत सोडलं. खोत काठावर घोंगडी पांघरून बसले. मग त्यांना काही आठवलं. तुळजाबाईंना हाक मारली. त्या मिठाची बरणी घेऊन आल्या आणि मूठ मूठ मीठ पाण्यात टाकू लागल्या. समुद्राचं पाणी खारट असतं म्हणून.

मी रडत विचारलं, का. खोत शांतपणे सांगत होते, पोराला गोष्ट सांगावी तसे. कड्यावरून पडलेल्याला ती जागा सोडत नाही. तो तिथंच उभा राहतो, वाऱ्यात, परक्या मुलखात, दुसरा कोणी त्याच्या जागी येईपर्यंत. बदली द्यावी लागते. पण बदली कोणीही चालत नाही. तो गेला त्याच वाटेनं, त्याच अंगानं जावा लागतो. दोस्ताला त्यांनी रागाच्या भरात घालवला, तो फुकट गेला. शाळामास्तर लिमरिकनंतर पळाला आणि भलतीकडंच पडला.

“तुमचं सगळं बेस जुळलंय, मास्तर.”

दात वाजत होते तरी मी म्हणालो, मीही कोणाचा तरी मुलगा आहे. त्यांनी मग विचारलं, “कोणाचा?”



गुरुवार, ३ मार्च

ताप. अंग पेटलंय. तुळजाबाई कपाळावर ओल्या घड्या ठेवतात. आता उघडच येसा म्हणतात. मी नाही म्हणतो. त्या हो रे बाळा म्हणतात.

शेवटच्या कड्याचं नाव मोहर. खोत हसले, आंब्याला येतो तोच. त्याचं कार्ड नाही. मी विचारलं, का नाही. तिथून कार्ड टाकायला येसा उरला नव्हता.

चांगलं दाट धुकं पडेल त्या सकाळी, म्हणाले. दरीत समुद्र भरला पाहिजे.

शुक्रवार, ४ मार्च

जनी गेली होती! खाली गेली होती!

दुपारी हवालदार आला. घाम पुसत, धापा टाकत. मी पडवीतून ओरडलो, मला वाचवा, मी येसाजी नाही, मला ह्यांनी डांबलंय. तुळजाबाईंनी काहीच अडवलं नाही. माझ्या पायाशी बसून ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, “इलायतेहून आला तवापासनं असंच बरळतोय. आईला वळखत नाय माझा लेक.”

हवालदारानं नाव विचारलं. मी सांगितलं. श्रीपाद आठल्ये. पण ते खिंडारातून, तापानं सुजलेल्या जिभेवरून काय बाहेर पडलं ते मलाच कळलं नाही. पुन्हा सांगितलं. त्यानं खोतांकडं पाहिलं. खोत म्हणाले, डॉक्टर झालाय माझा पोरगा, इंग्रजी बोलून बघा पाहिजे तर.

आणि मी मूर्ख, मी बोललो. वाटलं, इंग्रजीत सांगितलं तर पटेल. मला मारणार आहेत, कड्यावरून लोटणार आहेत, सगळं, रडत, हात जोडून, इंग्रजीत. हवालदाराला एक अक्षर कळलं नाही. तो कौतुकानं ऐकत राहिला. “अस्सल विलायती,” म्हणाला. चहा घेतला. जाताना त्यानं मला सलाम ठोकला.

जनीनं खोटी वर्दी दिली, तिला समज देतो, असंही खोतांना सांगून गेला. गोमाजी कोयता घेऊन त्याच्यामागोमाग बाहेर पडला.

सूर्य मावळायच्या आत पलीकडच्या टेपाडावरून धूर वर आला. म्हशी ओरडत होत्या. खूप वेळ ओरडत होत्या, मग एकेक करून—

रविवार, ६ मार्च

जनीचं काही कळत नाही. विचारलं तर तुळजाबाई तोंड फिरवतात.

दुपारी त्या माझ्याजवळ एकट्याच बसल्या. म्हणाल्या, माझा एक गेला, दुसरा घालवून तो परत यायचा नाही, हे मला कळतं. म्हाताऱ्याला कळत नाही. गोमाजी लाकूडफाटा आणायला गेला की मी तुला काढते. कारवीच्या झुडपांतून एक वाट आहे, खोपीपाशी जनीचा नवरा येईल, तो पाठीवर घेऊन उतरवील.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझं डोकं छातीशी घेतलं. धुराचा वास येतो त्यांच्या लुगड्याला, आणि दुधाचा.

विश्वास ठेवू का— दुसरं आहे कोण?

मंगळवार, ८ मार्च. सकाळ

खोपीत आहे. आलो. काठी टेकत, त्यांच्या खांद्यावर. धुकं इतकं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. त्या हात धरून नेत होत्या. भाकरी बांधून दिली. कोट घाल म्हणाल्या, गारठा आहे. घातला.

बस इथं, म्हणाल्या, जनीचा नवरा येतो. गेल्या.

थोड्या वेळानं—

मागं कुडाची भिंत. फट आहे. हात घालून पाहिला. नुसता वारा. खालून वर येणारा. एक खडा टाकला. ऐकत राहिलो. पडल्याचा आवाज आलाच नाही.

दुसऱ्या बाजूलाही तसंच. तिसऱ्याही.

वाट नाही. ज्या वाटेनं आलो तेवढीच.

काठीचा आवाज. टक. टक. आंधळ्याची काठी. बरोबर जड पावलं. गोमाजी.

तुळजाबाई त्यांच्याशी बोलताहेत. रडत नाहीत. सणाला माहेरवाशीण आल्यावर बोलावं तसा आवाज. “आला हाय. आपल्या पायानं आला हाय माझा लेक.”

माझं नाव श्रीपाद गोविंद आठल्ये. राहणार मिरज. जनीचा वाडा जाळला. हवालदाराला सांगा— तो जो कोणी असेल त्याला सांगा— शाळामास्तर, मुंबईचा मुलगा, हे लिहून—

वही कुडात खुपसून ठेवणार आहे. कोणी—

खोत म्हणताहेत, धुकं भरलंय, बघा कसा समुद्र आलाय. आंधळा म्हणतोय बघा.

गोमाजीला त्या थांबवताहेत. नको, हात लावू नको. तो आपण येईल.

मी नाही जाणार. कुडाला पाठ लावून बसलोय. ओढून नेऊ देत. लोटू देत. पण मी उठून नाही—

हाक मारली.

येसा.



येसा, ये रे बाळा, मी हाय ना.

श्रीपाद. श्रीपाद. मिरज. मामांचं घर. मामी. पायानं सरकवलेलं ताट. त्या नावानं मला कोणी कधी असं बोलावलं—

दारात आहे. हात पुढं केलेत. पदर वाऱ्यानं उडतोय. किती प्रेमानं बघते आहे, देवा, किती—

येसा

आणि माझ्या तोंडून ओ